ब्रेक आणि लिव्हरची पत्रिका जुळते का?

पळणारी सायकल कुणीही विकतो. थांबणारी सायकल मात्र आपली आपणच पारखून घ्यावी लागते. पोलादनगरी भिलाईतल्या एका मराठी घरात आजोबा, आई आणि नातू अशा तीन पिढ्यांनी मिळून सायकलला डिस्क ब्रेक बसवले, त्याची ही हकीकत.

आमच्या लहानपणी भिलाईत उजाडायचे ते सायकलच्या घंट्यांनी. सकाळी सहाची पाळी गाठायला निघालेले कामगार एकेका सेक्टरमधून बाहेर पडत, मोठ्या रस्त्यावर एकमेकांत मिसळत आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचेतो त्या सायकलींचा नुसता लोंढा होई. हँडलला डब्याची पिशवी, पँटच्या पायाला चिमटा आणि मागच्या कॅरिअरवर कुणीतरी शेजारी. खिडकीत उभे राहून त्या गर्दीतून बाबांची सायकल ओळखायची, हा आम्हा भावंडांचा खेळ होता. सगळ्या सायकली काळ्या, सगळ्या सारख्या! पण बाबांची ओळखू यायची, कारण फाटक यायच्या कितीतरी आधी तिचा वेग कमी होऊ लागे.

बाबा १९६६ साली नागपूरहून इथे आले. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूरहून रेल्वेने भिलाई अडीचशे किलोमीटरच्या आसपास. विदर्भातली किती तरी तरुण मुले तेव्हा या गाडीत बसली आणि इथलीच होऊन गेली. बाबा रेल मिलमध्ये लागले. पहिल्या पगारांतून साठवून त्यांनी सायकल घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच पाळी केली.

त्या सायकलला रॉडचे ब्रेक होते. वाचकांपैकी अनेकांनी ते वापरले असतील. हँडलखालचा दांडा ओढला की सळ्यांची साखळी हलते आणि रबराचे दोन तुकडे रिमला आतल्या बाजूने भिडतात. उन्हाळ्यात सारे ठीक चालते. पावसात मात्र क्रोमच्या गुळगुळीत रिमवर पाणी बसते आणि रबर नुसते घसरते. म्हणून बाबा फाटकाच्या पन्नास पावले आधीपासूनच ब्रेक ओढत आणि जोडीला उजवा पाय जमिनीवर घासत नेत. आईची तक्रार असे की, यांच्या उजव्या चपलेचा तळ डाव्याच्या आधी झिजतो!

थांबण्याची ही धास्ती बाबांच्या अंगात पुरती मुरली आहे. म्हणूनच मागच्या पावसाळ्यात आमच्या चिरंजीवांनी सुट्या भागांतून सायकल जोडण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा ऐंशीच्या घरातले बाबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता एवढेच म्हणाले, "पळायचं नंतर बघू. आधी ती थांबणार कशी ते सांग."

घाट उतरायचा म्हणजे काय?

मुलाच्या मनात केशकालचा घाट होता. बस्तरच्या वाटेवर कांकेर ओलांडले की हा घाट लागतो. भिलाईहून अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक. बारा वळणांचा म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि घाटातल्या तेलिन सतीच्या देवळापाशी ट्रकवाले हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. जाताना चढ. खरी परीक्षा येताना, कारण तेव्हा तीच वळणे उताराची होतात आणि मागेपुढे मालाने भरलेले ट्रक असतात.

भिलाई तशी सपाट. रेल्वेवरचे पूल सोडले तर इथे उतार म्हणून काही नाही. त्यामुळे ब्रेकवर केवढा भार पडतो याची आपल्याला कल्पनाच नसते. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मुलाला हिशेब करून दाखवला. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरू. शंभर मीटर उंचीचा उतार ब्रेक दाबत सावकाश उतरले, तर वाऱ्याचा अडथळा सोडून बाकी सारी शक्ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. ही उष्णता किती? पाव लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीपर्यंत नेईल एवढी! दोन कप चहाचे आधण मुठीत मावणाऱ्या त्या यंत्रातून बाहेर पडायचे असते. रबर आणि रिम हे काम करतात, पण रिम तापली की ट्यूबही तापते. शिवाय रिमच चिखलात माखलेली असेल तर मग बोलायलाच नको.

चकतीचा ब्रेक

डिस्क ब्रेकमध्ये थांबवण्याचे काम रिमकडून काढून घेतलेले असते. चाकाच्या मध्यभागी, हबला, पोलादाची एक पातळ चकती बसवतात. मेकॅनिक तिला रोटर म्हणतात. या चकतीला कवेत घेणारा कॅलिपर फ्रेमवर घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्यात दोन छोटे पॅड असतात. लिव्हर दाबला की पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने मोटारीसाठी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार जिंकली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. सायकलींमध्ये आधी डोंगरात जाणाऱ्या सायकलींनी ती उचलली. रस्त्यावरच्या शर्यतींत तर सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली ती थेट जुलै २०१८ मध्ये.

फायदा पावसात कळतो. चकती जमिनीपासून उंच असते, तिच्यावर चिखल कमी उडतो. तिला भोके असल्याने आणि पॅड अगदी जवळ असल्याने पाणी चटकन पुसले जाते. चाकाला थोडी वाक आली तरी ब्रेक चालू राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात मुरमाची लाल माती आणि शेतांकडची काळी कन्हार दोन्ही चाकाला चिकटतात. ओली कन्हार तर पिठाच्या गोळ्यासारखी रिमवर बसते. अशा मुलखात चकती खरोखरच उपयोगी.

डिस्क ब्रेकचे दोन प्रकार. एकात लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत तेल भरलेली नळी असते, दुसऱ्यात साधी पोलादी तार. तेलाचा ब्रेक हाताला मऊ लागतो आणि जोरही जास्त देतो. पण त्याच्या नळीत हवा शिरली किंवा गळती लागली, तर खास तेल, खास पिचकारी आणि जाणता माणूस लागतो. केशकालच्या अलीकडे पलीकडे तो कुठे शोधायचा? तारेच्या ब्रेकची तार तुटली तर जादा तार पिशवीत ठेवता येते आणि ती दहा मिनिटांत बदलता येते. बाबांचा कौल लगेच पडला, "जे रस्त्यात दुरुस्त होतं, ते आपलं."

पत्रिका जुळली नाही तेव्हा

मुलाने एका ओळखीच्या माणसाकडून पोलादी नळ्यांची, डिस्क ब्रेकची सोय असलेली जुनी फ्रेम आणली. कॅलिपर घेतले. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल हवे होते, तेही आणले आणि त्याला शोभतील असे लिव्हर शहरातल्या एका दुकानातून घेतले. दुकानदार म्हणाला, "लिव्हर सगळे सारखेच असतात. तार ओढायचं काम!" आम्हीही मान डोलावली.

ऑगस्टमधली रिमझिम. चिरंजीव पहिल्या फेरीला निघाले. पुलाच्या उतारावर दोन्ही लिव्हर दाबले, ते थेट हँडलला जाऊन टेकले, पण सायकल काही थांबेना. शेवटी रस्त्याकडेच्या मेंदीच्या कुंपणाने त्यांना थांबवले. कोपर सोलवटले आणि अंगभर ओरखडे. त्या वेळी मागून काही येत नव्हते, एवढे नशीब. घरी आल्यावर मी रागावले, पण बाबा रागावले नाहीत. त्यांनी सायकल उलटी केली, चष्मा लावला आणि लिव्हर दाबून तार किती सरकते ते चक्क पट्टीने मोजायला घेतले.

चूक तिथेच होती. ब्रेकचे लिव्हर मुख्यतः दोन जातींचे असतात. एक जात तार थोडी ओढते, पण जोराने. खाली वळलेल्या हँडलचे लिव्हर आणि जुन्या कॅलिपर ब्रेकचे लिव्हर या जातीचे. दुसरी जात तार पुष्कळ ओढते, पण कमी जोराने. १९९६ साली शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक आणले, त्यांच्यासाठी सरळ हँडलचे असे लिव्हर आले. ढोबळमानाने दुसरी जात पहिलीच्या जवळजवळ दुप्पट तार ओढते. विहिरीवरच्या रहाटासारखेच हे. रहाट मोठा असेल तर एका फेऱ्यात दोर जास्त येतो, पण हाताला भार जास्त लागतो. दोन्ही गोष्टी फुकट मिळत नाहीत.

कॅलिपरचेही तसेच. डोंगरी सायकलींचे बहुतेक तारेचे डिस्क कॅलिपर जास्त तार मागतात, तर रस्त्याच्या सायकलींचे कमी. म्हणूनच ॲव्हिडचा बीबी-७ हा गाजलेला कॅलिपर दोन वेगळ्या प्रकारांत निघाला, एक माउंटन आणि एक रोड. दिसायला जुळे भाऊ, पण एकमेकांच्या लिव्हरवर चालत नाहीत. आमच्या सायकलीवर जास्त तार मागणारा कॅलिपर आणि थोडी तार देणारा लिव्हर, अशी जोडी लागली होती. पॅड चकतीला जेमतेम भिडेपर्यंत लिव्हर हँडलला टेकत होता.

उलट जोडी लावली तर काय होते? तार भरपूर ओढली जाते, पॅड लगेच भिडतात, लिव्हर दगडासारखा टणक लागतो. दुकानात दाबून पाहणाऱ्याला वाटते, वा, काय मजबूत ब्रेक! पण उतारावर सारी ताकद लावूनही पकड येत नाही. ही जोडी जास्त फसवी, कारण तिचा दोष उभ्या सायकलीवर कळत नाही.

त्यातच रोड लिव्हरच्या जुन्या आणि नव्या पिढ्यांमध्येही तार ओढण्याचे माप बदलले आहे. तेव्हा कंपनी एकच आहे म्हणून जोडी जुळेल असे समजू नये. कॅलिपरच्या माहितीपत्रकात तो कोणत्या जातीच्या लिव्हरसाठी आहे ते लिहिलेले असते. ते वाचावे आणि मगच लिव्हर घ्यावा. लग्नात पत्रिका पाहावी की नाही यावर वाद असू शकतो. ब्रेक आणि लिव्हरची मात्र पाहिलीच पाहिजे!

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. कॅलिपर बदलायचे, किंवा हँडल आणि लिव्हर बदलायचे. कॅलिपर महाग, लिव्हर स्वस्त. शिवाय मुलाला सामान लादून जायचे होते, तेव्हा सरळ हँडलच बरे. त्याची ऐट थोडी कमी झाली. दोन दिवस फुरंगटला होता. पण कोपराची खपली त्याला आठवण करून देत होती.

वेल्डिंगचा मोह

हे ऐकून शेजारचा एक मुलगा आला. त्याला आपल्या आजोबांच्या जुन्या काळ्या सायकलीलाच डिस्क ब्रेक लावायचा होता. भिलाईत वेल्डिंग करणारे हात गल्लीगल्लीत आहेत, आणि तेही एकाहून एक सरस. "दोन कान चिकटवायचे, पाच मिनिटांचं काम," असे त्याला कुणीतरी सांगितलेही होते.

बाबांनी त्याला बसवून घेतले आणि समजावले. रिमचा ब्रेक फोर्कच्या दोन्ही पायांवर, वरच्या बाजूला सारखा जोर टाकतो. डिस्क ब्रेक मात्र एकाच, डाव्या पायाला खालच्या टोकाशी पिळतो. जुन्या सायकलीचा फोर्क या पिळासाठी घडवलेलाच नसतो. त्यात पातळ नळीला वेल्डिंगची आच लागली की त्या जागेचे पोलाद पूर्वीसारखे राहत नाही. ते वाकले तर नशीब. पुढच्या चाकाशी तुटले तर स्वार थेट तोंडावर. ज्यांनी आयुष्यभर रूळ तयार होताना पाहिले, त्यांचे हे बोलणे त्या मुलाला पटले. फ्रेम आणि फोर्क दोन्ही डिस्कसाठीच बनवलेले असावेत, याला पर्याय नाही.

तशी फ्रेम मिळाली तरी कॅलिपर बसवण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात. एका जुन्या पद्धतीत बोल्ट आडवे जातात आणि त्यांच्यात ५१ मिलिमीटर अंतर असते. तिला आय.एस. म्हणतात. दुसरी पोस्ट माउंट. तिचे बोल्ट मागून सरळ आत जातात आणि अंतर ७४ मिलिमीटर. नव्या रोड सायकलींत तिसरी, फ्लॅट माउंट आली आहे. आमच्या फ्रेमवर मागे एक आणि पुढे दुसरी पद्धत निघाली! जोडपट्टी घालून ते जमले, पण ती जोडपट्टी चकतीच्या मापाचीच असावी लागते. दुकानात जाताना पट्टीने हे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे.

हबही डिस्कचाच हवा. चकती सहा बोल्टांनी बसते किंवा खाचांच्या बैठकीवर एका मोठ्या रिंगने आवळली जाते. दोन्ही पद्धती चांगल्या, पण चकती आणि हब एकाच पद्धतीचे पाहिजेत. आणि चाकाचे आरे एकमेकांना छेद देत विणलेले असावेत. काही शोभेच्या चाकांत आरे हबपासून सरळ रिमकडे जातात. डिस्कचा पीळ त्यांना झेपत नाही. आपल्यासाठी ३२ किंवा ३६ आऱ्यांचे चाक उत्तम.

चकती केवढी, पॅड कोणते?

चकत्या साधारण १४०, १६०, १८० आणि २०३ मिलिमीटर व्यासाच्या मिळतात. चकती मोठी तेवढी पकड जास्त आणि ती तापतेही कमी. १६०ऐवजी १८०ची लावली तर त्याच जोरात सुमारे आठवा हिस्सा जास्त पकड मिळते. मग सगळ्यात मोठीच का लावू नये? कारण फ्रेम आणि फोर्कला कमाल माप ठरवून दिलेले असते. ते ओलांडू नये. ब्रेक लावताना शरीराचा भार पुढे जातो, म्हणून खरे थांबवण्याचे काम पुढचे चाक करते. आम्ही पुढे १८० आणि मागे १६० असा मेळ घातला. शहरात शाळा-बाजार करणाऱ्याला दोन्हीकडे १६० पुष्कळ झाले.

पॅडही दोन जातींचे. रेझिनचे पॅड मऊ, आवाज न करणारे आणि पहिल्या दाबापासून पकडणारे. पण पाण्याचिखलात लवकर झिजतात. धातूचे पॅड चिखलात आणि लांब उतारावर टिकतात, मात्र कुरकुर करतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. काही स्वस्त चकत्यांवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असे कोरलेले असते. त्यांना धातूचे पॅड लावले तर चकतीच खरवडून निघते. चकती झिजून किती पातळ होईपर्यंत चालेल, तो आकडाही बहुधा तिच्यावरच असतो. भिंग घेऊन एकदा वाचावाच.

बहुतेक तारेच्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो. तो चकतीला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणून स्थिर पॅड चकतीच्या अगदी जवळ, पण न घासेल असा लावावा लागतो. टीआरपी कंपनीच्या स्पायरसारख्या काही कॅलिपरांत दोन्ही पॅड हलतात. ते जुळवायला सोपे, पण खर्च थोडा जास्त.

हाताला पोचेल तोच लिव्हर

सायकल घरात एकाची नसते. मुलगा कॉलेजात गेला की मी तिच्यावरून सिव्हिक सेंटरला जाते. पहिल्या दिवशी मी लिव्हर धरायला गेले तर बोटांची टोके जेमतेम पोचत होती. मुलाचा पंजा मोठा, माझा लहान. चांगल्या लिव्हरला आतल्या बाजूस एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो. बायकांसाठी आणि मुलांसाठी सायकल घेताना हा स्क्रू आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानात दिमाखदार दिसणारा लांब लिव्हर ऐन वेळी हातातच आला नाही तर काय उपयोग? सरळ हँडलला दोन बोटांचा लिव्हर पुरतो. उरलेली बोटे हँडलवरच राहतात.

कोणत्या हाताला कोणता ब्रेक, हेही घरात एकदा ठरवून टाकावे. आपल्याकडच्या जुन्या सायकलींवर आणि मोटारसायकलवर उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेरून आलेल्या काही सायकलींवर तो डावीकडे असतो. हात घाबरला की सवयीनेच वागतो. म्हणून घरातल्या सगळ्या सायकलींवर एकच पद्धत ठेवावी.

आणि तार! लिव्हर आणि कॅलिपर महागामोलाचे घेऊन बरेच जण तारेवर कंजुषी करतात. तारेच्या टोकाचा गोळा दोन आकारांत येतो. डोंगरी लिव्हरचा आडव्या पिंपासारखा, तर रोड लिव्हरचा पेरूसारखा निमुळता. खाचेत नीट बसेल तोच घ्यावा. तारेवरचे आवरण ब्रेकचेच हवे. गिअरच्या आवरणात तारा लांबीने घातलेल्या असतात. ब्रेकचा जोर त्यांच्यावर आला की ते फाटू शकते आणि त्या क्षणी ब्रेक संपतो. दिसायला दोन्ही काळ्याच नळ्या. दुकानात मागताना 'ब्रेकची' असे स्पष्ट सांगावे. आवरणाची टोके सरळ कापावीत आणि वळणे मोठी ठेवावीत. निम्मी मेहनत इथेच वसूल होते.

विश्वकर्मा पूजेचे तेल

सप्टेंबर आला. १७ तारखेला विश्वकर्मा पूजा. पोलादाच्या गावात हा दिवस दिवाळीसारखाच. यंत्रांना हार घालतात, हत्यारे मांडतात. घराघरांतल्या सायकली आणि स्कूटरीही धुऊन पुसून उभ्या राहतात. आमच्या घरी त्यात खंडेनवमीची मराठी सवय मिसळलेली. बाबांनी पहाटे उठून नातवाची सायकल धुतली, सगळ्या लोखंडाला तेलाचा बोळा फिरवला, चकत्यांना तर दोन्ही बाजूंनी चकचकीत चोळून ठेवले आणि हळदकुंकू लावले. चाळीस वर्षे ते आपली सायकल अशीच तर जपत आले होते!

संध्याकाळी मुलगा निघाला आणि दारातूनच परत फिरला. ब्रेक पुन्हा बेपत्ता, आणि किंचाळणे वेगळेच. डिस्क ब्रेकला तेल म्हणजे विष. चकतीवरचे तेल पॅड शोषून घेतात आणि मग कितीही दाबा, नुसते घसरणे. चकती आम्ही दवाखान्यात वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापड घेऊन पुसली. तेल प्यालेले पॅड मात्र फेकून नवे घालावे लागले.

बाबा पार खजील झाले. "जन्मभर मशिनला तेल घातलं, आणि इथे तेच चुकलं," म्हणाले. नातू त्यांच्याजवळ बसला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही पट्टीने मोजलं नसतं तर मी अजून त्या मेंदीतच असतो." तेव्हा कुठे हसले. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला आहे. साखळीला तेल घालताना चकतीवर जुनी पिशवी चढवायची, आणि पूजेचे हळदकुंकू हँडलला लावायचे.

डिसेंबरमध्ये मुलगा आणि त्याचे मित्र केशकालला जाऊन आले. निघण्यापूर्वी बाबांनी सायकलभोवती एक फेरी मारली, दोन्ही लिव्हर दाबून पाहिले आणि काही न बोलता आत गेले. तीन दिवसांनी तो परतला, तेव्हा त्यांनी घाट कसा होता, थंडी किती होती, यातले काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, "उतारावर पाय टेकावा लागला का रे?"

"एकदाही नाही, आजोबा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग चपला फार दिवस टिकतील तुझ्या."

[चौकट]
नवे डिस्क ब्रेक बसवल्यावर

• चकती बोटांनी हाताळू नका. बोटांचे तेलही तिला पुरते.

• मोकळ्या रस्त्यावर वेग थोडा वाढवून चाक न अडकवता चालण्याच्या गतीपर्यंत आणा. असे पुढच्या व मागच्या ब्रेकने वेगवेगळे वीस-पंचवीस वेळा करा. त्यानंतरच खरी पकड येते. पहिल्या दिवशी घाटात जाऊ नका.

• उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, मग सोडा. चकतीला गार व्हायला वेळ मिळतो.

• घाट उतरल्यावर लगेच चकतीला हात लावू नका. चांगलाच चटका बसतो.

• पुढचे चाक झटपट काढण्याच्या पातीने आवळलेले असेल तर प्रत्येक फेरीपूर्वी ती तपासा. डिस्कचा जोर चाकाचा आस खाली ढकलू पाहतो.

• पॅडवरचा थर अर्धा मिलिमीटर उरण्याआधी पॅड बदला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहा.

• चाक काढल्यावर किंवा सायकल रेल्वेने पाठवताना चकतीवर काही आदळू देऊ नका. वाकलेली चकती प्रत्येक फेऱ्याला घासते.